भेदभाव आणि देशोदेशींचे कायदे

मुंबईच्या उपनगरांत भाड्याची जागा शोधणाऱ्या कुटुंबाला दलाल पुष्कळदां भाड्याच्या रकमेआधीं आडनांव विचारतो. मग मूळ गांव विचारतो, घरांत मांस-मासळी शिजते काय तें विचारतो, आणि "सोसायटीला विचारून सांगतों" असें म्हणून निरोप घेतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांत हा अनुभव इतका परिचयाचा आहे कीं त्याचें कोणास नवल वाटेनासें झालें आहे. नकार क्वचितच स्पष्ट शब्दांत मिळतो. जागा आदल्या दिवशींच गेली असें कळतें, किंवा मालकाचा विचार अचानक बदललेला असतो. आणि तीच जागा आठवड्यानंतर निराळ्या आडनांवाच्या कुटुंबाला मिळालेली दिसते. कधीं धर्म आड येतो, कधीं जाति, कधीं भाषा, कधीं ताटांतलें अन्न, आणि कधीं एकट्या स्त्रीचें एकटेपण.

सप्टेंबर २०२३ मध्यें मुलुंडच्या एका इमारतींत कार्यालयासाठीं जागा पाहावयास गेलेल्या एका मराठी महिलेला, मराठी माणसांना येथें जागा देत नाहीं, असें तोंडावर सांगण्यांत आल्याची तक्रार झाली आणि सर्वत्र क्षोभ उसळला. पोलिसांनीं गुन्हा नोंदविला. परंतु तो नोंदला गेला अडवणूक आणि दमदाटी यांबद्दलच्या सामान्य कलमांखालीं. कारण भाषेवरून जागा नाकारणें हा स्वतंत्र गुन्हा तेव्हांच्या दंडसंहितेंत नव्हता, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि नाहीं. झटापट झाली नसती, नकार गोड शब्दांत मिळाला असता, तर पोलिसांच्या दप्तरांत लिहिण्यासारखें फारसें कांहीं उरलें नसतें. कायद्याच्या हातांत धक्का सांपडला. नकार मात्र निसटला.

असें कां व्हावें, हें समजून घ्यावयाचें तर कोणत्याहि देशाच्या कायद्याला तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, तो कोणाला बांधतो: केवळ सरकारला, कीं दुकानदाराला आणि घरमालकालाहि? दुसरा, शाबितीचा बोजा कोणावर पडतो: ज्याला नाकारलें त्यानें नकाराचें खरें कारण सिद्ध करावयाचें, कीं ज्यानें नाकारलें त्यानें आपलें कारण निर्दोष असल्याचें दाखवावयाचें? तिसरा, शेवटीं तक्रारदाराच्या पदरांत काय पडतें: दुसऱ्याला झालेली शिक्षा, स्वतःला मिळालेली भरपाई, कीं प्रत्यक्ष ती जागा? या प्रश्नांचीं उत्तरें देशोदेशीं निराळीं आहेत. समतेचें तत्त्व कायद्याच्या पुस्तकांत किती उदात्त शब्दांत मांडलें आहे, यापेक्षां या तीन उत्तरांवरच सामान्य माणसाचें नशीब अधिक अवलंबून असतें.

या विषयांतला फार मोठा धडा महाराष्ट्रांतच घडलेला आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत एक ठराव मांडला व तो संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले अथवा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेंच सार्वजनिक शाळा, न्यायकचेऱ्या आणि दवाखाने हीं सर्व ठिकाणें अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुलीं असावींत, अशी त्यांत शिफारस होती. सरकारनें त्याच वर्षीं आपल्या खात्यांस तशा सूचना दिल्या. जानेवारी १९२४ मध्यें कुलाबा जिल्ह्यांतील महाडच्या नगरपालिकेनें आपलें चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. ठराव वहींत राहिला आणि तळें होतें तसेंच राहिलें. अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. त्याच दिवशीं परिषदेसाठीं आलेल्या लोकांना मारहाण झाली.

पुढची लढाई न्यायालयांत झाली. डिसेंबर १९२७ मध्यें महाडच्या कांहीं सवर्ण रहिवाशांनीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्यावर दिवाणी दावा लावला. तळें सार्वजनिक नाहीं, आणि अस्पृश्यांना त्याचें पाणी घेऊं न देण्याची रूढि पुरातन आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. न्यायालयानें तात्पुरता मनाई हुकूम काढला आणि त्या डिसेंबरांत ठरलेला सत्याग्रह तहकूब करावा लागला. १९३१ सालीं महाडच्या न्यायालयानें दावा फेटाळला. वादी अपिलांत गेले. आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें अखेरचा निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूनें दिला. बोले यांच्या ठरावापासून या निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षें लोटलीं होतीं.

हा दावा कोणत्या मुद्द्यावर जिंकला गेला, तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. समतेचा हक्क देणारें एकहि कलम तेव्हां अस्तित्वांत नव्हतें. तळें नगरपालिकेच्या ताब्यांतील होतें. आणि जो रूढीचा आधार घेतो त्यानेंच ती अनादि काळापासून अखंड चालत आल्याचें सिद्ध केलें पाहिजे, हा कायद्याचा जुना नियम होता. वादींना तें सिद्ध करतां आलें नाहीं. पाणी मागणाऱ्याला आपला हक्क शाबीत करावा लागला नाहीं. पाणी अडविणाऱ्याला आपली अडवणूक शाबीत करावी लागली, आणि तेथें तो हरला. भेदभावाविरुद्धच्या कायद्यांत शाबितीच्या बोजाचें मोल किती, हें महाडच्या निकालाइतकें स्पष्टपणें क्वचितच दिसून येतें.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें या पायावर मोठी इमारत उभी केली. तिच्या १५ व्या कलमानें धर्म, वंश, जाति, लिंग अथवा जन्मस्थान यांवरून कोणाहि नागरिकाविरुद्ध भेदभाव करण्यास राज्यसंस्थेला बंदी केली. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागानें दुकानें, उपाहारगृहें, हॉटेलें व करमणुकीचीं ठिकाणें, तसेंच सार्वजनिक विहिरी, तळीं, घाट व रस्ते सर्वांस खुले केले. येथें घटनेनें सरकारचा उंबरठा ओलांडून खासगी दुकानदारालाहि बांधून घेतलें आहे. १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट झाल्याचें जाहीर केलें आणि तिचें पालन हा गुन्हा ठरविला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत या कलमांवर चर्चा झाली, तेव्हां दुकान या शब्दांत काय काय येतें, असा प्रश्न निघाला. सेवा मागावयास येणाऱ्या कोणासहि सेवा देण्यास मालक जेथें तयार असतो ती जागा म्हणजे दुकान, अशा आशयाचें व्यापक उत्तर डॉ. आंबेडकरांनीं दिलें. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हाच व्यापक अर्थ स्वीकारून खासगी शिक्षणसंस्थाहि या शब्दाच्या कक्षेंत आणल्या. मग जागांची दलाली करणाराची पेढी ही दुकान नव्हे काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

संसदेनें १९५५ सालीं अस्पृश्यता (अपराध) कायदा केला. १९७६ च्या दुरुस्तीनें त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हें नांव मिळालें. या कायद्यांत एक मार्मिक तरतूद आहे. कायद्यानें वर्जिलेली एखादी कृति अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतींत घडली, तर ती अस्पृश्यतेच्या कारणानेंच घडली असें न्यायालयानें गृहीत धरावें. तसें नव्हतें हें दाखविण्याची जबाबदारी आरोपीवर राहील. महाडला जें रूढीच्या नियमामुळें योगायोगानें घडलें, तें येथें संसदेनें हेतुपूर्वक लिहून ठेवलें. कोणत्याहि वस्तींत राहण्यासाठीं घर बांधणें, घेणें अथवा त्यांत राहणें याला अस्पृश्यतेवरून केलेली आडकाठीहि या कायद्याखालीं गुन्हा आहे. मात्र यांतील शिक्षा एक ते सहा महिने कैद व शंभर ते पांचशें रुपये दंड इतकी आहे. आणि ती मिळाली तरी नाकारलेलें घर तक्रारदाराच्या हातीं येतेंच असें नाहीं.

तेव्हां पाणवठा, दुकान आणि शाळा यांच्याविषयीं भारतीय कायदा बऱ्याच स्पष्टपणें बोलतो. अस्पृश्यतेच्या बाबतींत तो घराविषयींहि बोलतो. परंतु धर्म, भाषा, प्रांत किंवा आहार यांवरून खासगी मालकानें घर नाकारलें, तर त्याला सरळ उत्तर देणारा सर्वसाधारण कायदा देशांत नाहीं. भाषेचा तर १५ व्या कलमाच्या यादींतहि उल्लेख नाहीं. ही उणीव मुंबईंत विशेष जाणवते, आणि त्याचें कारण या शहराच्या वाढीच्या इतिहासांत आहे.

मुंबईंतील सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ जातीच्या व समाजाच्या संस्थांनींच केला. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या प्रयत्नानें १९१५ सालीं गांवदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. ती आशियांतील अशा प्रकारची पहिली संस्था मानली जाते. १९१८ सालीं वांद्र्यास कॅथलिक समाजानें साष्टीच्या नांवानें आपली संस्था काढली. दादरला आणि जोगेश्वरीला पारशी वसाहती उभ्या राहिल्या. या संस्थांचा हेतु कोणाचा अपमान करण्याचा नव्हता. मध्यम वर्गाला परवडणारें, हवेशीर घर मिळावें, वर्गणी जमावी, आणि एकमेकांच्या ओळखीमुळें कर्ज फेडलें जाण्याची खात्री असावी, हा तो हेतु होता. तथापि ओळखीसाठीं आंखलेली रेषा पुढें कुंपण होऊन बसते. साष्टीचीं शेतें जाऊन तेथें दाट वस्तीचीं उपनगरें झालीं, तीं १९५० व १९५७ मध्यें बृहन्मुंबईंत सामील झालीं, आणि घर ही समाजानें आपसांत वांटून घ्यावयाची वस्तु न राहतां बाजारांत विकली जाणारी वस्तु झाली. पण पुष्कळ इमारतींच्या मनांत जुनी रेषा कायम राहिली.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानें खुल्या सभासदत्वाचें तत्त्व मान्य केलें: पात्र व्यक्तीला पुरेशा कारणावांचून सभासदत्व नाकारतां येणार नाहीं, असें त्याचें २३ वें कलम सांगतें. परंतु पात्र कोण, हें संस्थेचे पोटनियम ठरवूं शकतात काय? हा प्रश्न २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आला तो अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या निमित्तानें. ही संस्था जुन्या मुंबई इलाख्याच्या १९२५ च्या कायद्याखालीं नोंदलेली होती, आणि सभासदत्व फक्त पारशांनाच देण्याचा तिचा पोटनियम होता. एका सभासदाला आपली मालमत्ता पारशी नसलेल्या खरेदीदारास विकावयाची होती. गुजरात उच्च न्यायालयानें संस्थेविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहेत, अशी संस्था ही राज्यसंस्था नव्हे, आणि आपल्या विचाराच्या लोकांनीं एकत्र येऊन संघ स्थापण्याचा हक्कहि घटनेनेंच दिलेला आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. बदल करावयाचा तर तो कायदेमंडळानें करावा, असा त्याचा रोख आहे.

असाच पेंच अमेरिकेपुढें १९४८ सालींच पडला होता. सेंट लुई शहरांत एका मोहल्ल्यांतील घरमालकांनीं १९११ सालीं आपसांत करार केला होता कीं हीं घरें गोऱ्यांखेरीज कोणाला विकावयाचीं नाहींत. शेली या कृष्णवर्णी कुटुंबानें त्यांपैकीं एक घर विकत घेतलें आणि शेजाऱ्यांनीं त्यांना बाहेर काढण्यासाठीं दावा लावला. ३ मे १९४८ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दिलेला निकाल सूक्ष्म आहे. खासगी माणसांनीं असा करार केला, तो त्यांनीं आपखुषीनें पाळावा; त्याला घटना आड येत नाहीं. परंतु तो करार बळानें पाळावयास लावण्यासाठीं ते न्यायालयाकडे आले, कीं न्यायालय म्हणजे राज्यसंस्थाच भेदभाव करूं लागते, आणि तें घटनेला मान्य नाहीं. सेंट लुईचा करार आणि अहमदाबादचा पोटनियम यांत फरक पुष्कळ आहेत. पण दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच होता, आणि दोन न्यायालयांनीं त्याला दोन दिशांनीं उत्तर दिलें.

तेवढ्यानें अमेरिकेंतील भेदभाव थांबला नाहीं, कारण करार नसला तरी नकार देतां येतोच. म्हणून एप्रिल १९६८ मध्यें, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरांत, तेथें गृहव्यवहारांतील भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला. वंश, वर्ण, धर्म व राष्ट्रीय मूळ यांवरून घर विकण्यास, भाड्यानें देण्यास अथवा जागा रिकामी नाहीं असें खोटें सांगण्यास त्यानें मनाई केली. १९७४ सालीं लिंग, आणि १९८८ सालीं अपंगत्व व मुलेंबाळें असणें यांचीहि भर पडली. गोड शब्दांतील नकार पकडण्याची युक्तिहि तेथें निघाली. एक कृष्णवर्णी आणि एक गोरा असे दोन चौकशी करणारे एकाच जागेसाठीं पाठोपाठ पाठवावयाचे, आणि दोघांना काय उत्तर मिळालें तें ताडून पाहावयाचें. व्हर्जिनिया राज्यांतील अशा एका प्रकरणांत, ज्या चौकशी करणाराला खोटें सांगितलें गेलें त्याला स्वतः दावा लावतां येतो, असें १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. फ्रान्सनेंहि ही पद्धति मान्य केली. तेथील सर्वश्रेष्ठ न्यायालयानें २००२ सालीं असा पुरावा ग्राह्य मानला आणि २००६ सालीं तो दंडसंहितेंतच लिहिला गेला. फ्रान्सचा मार्ग मुख्यतः फौजदारी आहे: मूळ, धर्म, आडनांव अशा कारणांवरून वस्तु अथवा सेवा नाकारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व ४५,००० युरोंपर्यंत दंड होऊं शकतो.

उपनगरांतील "फक्त शाकाहारी" या अटीसारख्या अटींचें काय, याहि प्रश्नाला परदेशी कायद्यांनीं वाट काढली आहे. १९७१ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें नॉर्थ कॅरोलिनांतील एका वीज कंपनीचें प्रकरण आलें. चांगल्या कामासाठीं शालान्त प्रमाणपत्र व कांहीं चांचण्या आवश्यक, अशी तिची अट होती. अट सर्वांना सारखीच होती, पण तिच्यामुळें कृष्णवर्णी कामगार मोठ्या प्रमाणावर वगळले जात होते, आणि त्या कामाशीं तिचा संबंध कंपनीला दाखवितां आला नाहीं. न्यायालयानें ती रद्द ठरविली. वरवर सर्वांना सारखा लागू होणारा नियम परिणामानें एका समाजाला वगळत असेल, तर त्या नियमाची गरज काय, तें नियम करणारानें सांगितलें पाहिजे, हें तत्त्व तेथून रूढ झालें. इंग्लंडनें १९७६ च्या कायद्यांत तें अप्रत्यक्ष भेदभाव या नांवानें घेतलें. अमेरिकेंत २०१५ सालीं घरांच्या बाबतींतहि तें लागू असल्याचें ठरलें. आहाराची अट ही स्वयंपाकघरापुरती आवड आहे, कीं समाज वगळण्याची आडवाट आहे, याची तपासणी करण्याचें साधन या तत्त्वानें मिळतें.

इंग्लंडची वाटचाल पायरीपायरीनें झाली. १९४३ सालीं वेस्ट इंडीजचे विख्यात क्रिकेटपटु लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवरील सामन्यासाठीं लंडनला आले असतां, आगाऊ नोंदणी करूनहि, एका मोठ्या हॉटेलानें त्यांना राहूं देण्यास नकार दिला. भेदभावाविरुद्ध कायदा तेव्हां नव्हताच. मात्र वाटसरूला सबळ कारणावांचून परत पाठवितां येत नाहीं, हा तेथील खानावळवाल्यांवरचा जुना नियम होता. त्यावर ते जिंकले. १९४४ सालीं त्यांना पांच गिनी भरपाई मिळाली. भरपाई नाममात्र होती, पण प्रश्न सर्वांच्या डोळ्यांपुढें आला. पुढें १९६५ सालीं सार्वजनिक ठिकाणांपुरता, १९६८ सालीं घरें व नोकऱ्या यांसाठीं, आणि अखेर २०१० सालीं सर्व भेदांना एकत्र आणणारा समता कायदा झाला. या अखेरच्या कायद्याप्रमाणें, भेदभाव झाला असावा असें वाटण्याजोगी परिस्थिति तक्रारदारानें दाखविली, कीं तो झाला नाहीं हें सिद्ध करणें प्रतिपक्षाकडे जातें. जाति या शब्दाबद्दल मात्र तेथें वाद चालू राहिला. तो कायद्यांत घालण्याचें बंधन संसदेनें २०१३ सालीं सरकारवर टाकलें. २०१८ सालीं सरकारनें तसें न करण्याचें ठरविलें. अमेरिकेंत सिअ‍ॅटल शहरानें फेब्रुवारी २०२३ मध्यें जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी केली. कॅलिफोर्नियाच्या कायदेमंडळानें केलेलें तशाच स्वरूपाचें विधेयक मात्र गव्हर्नरांनीं त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नाकारलें. परदेशीं स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाहि, आपण काय मागें ठेवलें आणि काय बरोबर आणलें, याचा विचार या घटनांनीं करावयास लावला.

सर्वांत पुढचें पाऊल दक्षिण आफ्रिकेनें टाकलें. कोणी कोणत्या वस्तींत राहावें हें वंशावरून ठरविणारा कायदा त्या देशांत १९५० पासून १९९१ पर्यंत होता. त्यामुळें राहत्या घराचा भेद म्हणजे काय, हें त्यास शिकवावें लागलें नाहीं. १९९६ च्या त्याच्या घटनेनें केवळ सरकारलाच नव्हे, तर प्रत्येक व्यक्तीला अन्याय्य भेदभाव करण्यास मनाई केली. आणि वंश, धर्म, भाषा, जन्म इत्यादि कारणांवरून केलेला भेद अन्याय्यच आहे असें, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरलें. २००० सालच्या कायद्यानें त्यासाठीं समता न्यायालयें स्थापिलीं. तीं माफी मागावयास लावणें, भरपाई देवविणें, नाकारलेली संधि प्रत्यक्ष मिळवून देणें असे आदेश देऊं शकतात. वर सांगितलेल्या तिन्ही प्रश्नांना एकाच ठिकाणीं उत्तर मिळालें आहे तें येथें.

या सर्वांविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. स्वतःच्या मालकीच्या घरांत कोणाला ठेवावें, हेंहि माणसाला ठरवितां येऊं नये काय? लहान समाजानें आपली वस्ती, आपली चालरीत टिकवूं नये काय? परदेशी कायद्यांनीं या आक्षेपाला जागा ठेवली आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानें मालक स्वतः राहत असलेल्या, चार कुटुंबांपर्यंतच्या लहान घराला बऱ्याच अंशीं सूट दिली, आणि धार्मिक संस्थांच्या स्वतःच्या जागांनाहि कांहीं मर्यादेंत मोकळीक ठेवली. म्हणजे आपल्या स्वयंपाकघराशेजारची खोली कोणाला द्यावी हा एक प्रश्न, आणि जाहिरात देऊन बाजारांत मांडलेले शेंकडों गाळे कोणाला मिळावेत हा दुसरा, असा विवेक कायद्याला करतां येतो. पहिल्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याला लावूं नये, इतकेंच समतावाद्यांचें मागणें आहे.

भारतीय कायद्याला हा विवेक अपरिचित नाहीं. २०१७ च्या एचआयव्ही व एड्सविषयक कायद्यानें बाधित व्यक्तींना, आणि २०१९ च्या कायद्यानें तृतीयपंथी व्यक्तींना, राहण्याचा, घर विकत वा भाड्यानें घेण्याचा हक्क नाकारण्यास स्पष्ट मनाई केली आहे, आणि ती खासगी मालकांनाहि लागू आहे. तेव्हां खासगी घराच्या दारापर्यंत कायदा पोहोंचूं शकत नाहीं, असें म्हणण्यास आतां आधार उरलेला नाहीं. तो कांहीं व्यक्तींसाठीं पोहोंचलाच आहे. राहिलें आहे तें इतरांसाठीं त्यानें त्याच दारापर्यंत जाणें. २००६ सालीं न्यायमूर्ति सच्चर यांच्या समितीनें समान संधि आयोग स्थापावा अशी शिफारस केली होती. २०१७ सालीं लोकसभेंत भेदभावविरोधी कायद्याचें एक खासगी विधेयक मांडलें गेलें. तें संमत झालें नाहीं.

असा कायदा होईल तेव्हां होवो. त्यांतील सर्वांत मोलाची गोष्ट त्याआधींहि गृहनिर्माण संस्थांना स्वेच्छेनें करण्यासारखी आहे. अर्जाला ठराविक मुदतींत लेखी उत्तर द्यावें, नकार असेल तर त्याचें कारण लिहावें, आणि तें कारण सभेच्या कार्यवृत्तांत सर्वांस वाचतां यावें. आडनांवावरून नाकारलें, असें कोणत्याहि सुशिक्षित कमिटीला लिहवणार नाहीं. आणि जें लिहवत नाहीं तें करण्याचीहि लाज हळूहळू वाटूं लागते. अर्जदारानेंहि तोंडी उत्तरावर न थांबतां लेखी उत्तर मागावें. उद्यां न्यायालयांत वा निबंधकाकडे जाण्याची वेळ आली तर तोच त्याचा पुरावा होय. महाडच्या नगरपालिकेचा ठराव तीन वर्षें वहींत पडून होता. कोणी तरी तळ्यावर गेलें आणि अडविणाऱ्याला न्यायालयांत कारण सांगावें लागलें, तेव्हां तें पाणी सर्वांचें झालें. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या इमारतींतून आज तेंच कारण विचारलें जाणें बाकी आहे.